चौदा सेकंदांचा रस्ता

४ फेब्रुवारी

चि. बटण हिस आशीर्वाद.

रविवारच्या तुझ्या फोनमधलं मला "आत्या" आणि "ठेवते" एवढंच ऐकू आलं. मधलं सगळं मी "हो का, बरं बरं" करत निभावून नेलं. तू लग्न ठरल्याचं सांगितलं असशील तरी मी बरं बरं म्हणाले असणार. तेव्हा यापुढे पत्र लिहीत जा. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, सुईत दोरा अजून एका फटक्यात ओवते.

एक विचारायचं होतं. वहिनी येईल त्याला सांगते की तू सरकारात सिग्नलचं काहीतरी करतेस. माझ्या खिडकीखालीच सिग्नल आहे. पायी चालणाऱ्यांसाठी हिरवा माणूस लागतो, लोक निघतात, पाऊण रस्त्यात पोचतात न पोचतात तो लुकलुकायला लागतो. मग चांगली पोक्त माणसं पिशव्या सावरत पळत सुटतात. काल एका गृहस्थांची चप्पल मागे राहिली आणि ते एका पायात चप्पल घालून पलीकडे उभे. पुढचा हिरवा लागेपर्यंत ती चप्पल रस्त्यात, आणि तिच्यावरून गाड्या.

मी चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही. हा हिरवा माणूस बेतताना कोणाचं माप घेतलं होतं, ते तुझ्या ऑफिसात विचारून कळव.

तुझी आत्या


११ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

सहाव्या वर्षी तुझ्या दुकानात एक बटण गिळलं आणि जन्माचं नाव पडलं. पत्र टेबलावर उघडं राहिलं, आता ऑफिसातही तेच नाव चालू झालंय. आमच्या खोलीत सहा जण आहोत आणि सहा जणांचे सहा विषय. डावीकडचा लसींच्या शीतपेट्यांवर काम करतो, उजवीकडची विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर, खिडकीपाशी बसतो तो दप्तरांच्या वजनावर. चहाला एकत्र आलो की प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकून नवी भीती वाटायला लागते. मी रस्ता ओलांडण्यावर आहे.

तुझ्या रस्त्याचा नकाशा काढून पाहिला. रुंदी सोळा मीटर ऐंशी सेंटिमीटर. आमच्या पुस्तिकेत माणूस सेकंदाला एक मीटर वीस सेंटिमीटर चालतो असं धरलंय. भागाकार केला की चौदा सेकंद. तोच तुझा हिरवा माणूस.

आता हा एक पूर्णांक दोन कुठून आला, हे मला माहीत नाही. चार वर्षं तो रोज वापरतेय आणि एकदाही विचारलं नाही. तुझ्या पत्रानंतर शेजारीपाजारी विचारलं, त्यांनाही माहीत नाही. मला सध्या पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायची आहे, पण त्यात फक्त चित्रं बदलायची, आकडे तेच ठेवायचे. तरी शोधते.

तुला वेळ असेल तर मोजून बघ. एक पाय फुटपाथवरून उतरला की सुरू, दुसऱ्या बाजूला चढला की बंद. सोबत कोरा तक्ता पाठवतेय.

बटण


२० फेब्रुवारी

चि. बटण हिस आशीर्वाद.

वेळ असेल तर म्हणतेस. वेळेशिवाय माझ्याकडे काय आहे?

समोरच्या बाजूचे घड्याळवाले दुरुस्तीला आलेलं एक स्टॉपवॉच वर आणून देऊन गेले. म्हणाले, "मालक चार वर्षं आला नाही, तुम्ही वापरा." तीन दिवस, अकरा ते बारा. दोनशे सहा माणसं. त्यातली एकसष्ट चौदा सेकंदांत पोचली नाहीत किंवा पळाली. पळणाऱ्यांना मी वेगळी खूण केली आहे, कारण पळणं म्हणजे चालणं नव्हे आणि तुझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता.

"अंदाजे वय" हा रकाना मला फार आवडला. तोंडावरून वय कळत नाही, खांद्यावरून कळतं. पुढून बाही किती लोंबते ते पाहिलं की झालं.

एक काठीवाले रोज येतात. ते पहिला हिरवा वाया घालवतात. मला वाटायचं विसरभोळे असतील. आता कळलं, ते तयारी करतात. अर्धा हिरवा उलटलेला असला तर निघत नाहीत, पूर्ण चौदा हाताशी असले तरच पाऊल टाकतात. तरी त्यांना अठरा लागतात.

आत्या


३ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

तुझे तक्ते ऑफिसात हातोहात फिरले. शीतपेटीवाला म्हणाला की त्याच्याकडे पगारी माणसं असून इतकी स्वच्छ नोंद कधी आली नाही.

माझा शोध असा: आमची पुस्तिका म्हणते, आकडा आधीच्या पुस्तिकेतून घेतला. ती म्हणते, एका परिपत्रकातून. परिपत्रक म्हणतं, "पाहणीनुसार". कोणती पाहणी, ते नाही. विभागप्रमुख मॅडमना विचारलं. त्या चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "मी इथे लागले तेव्हापासून तोच आहे. आकडा जुना आहे म्हणून चुकीचा ठरत नाही, बाई. चुकीचा आहे असं दाखवायचं असेल तर दाखवा." रागावून नाही म्हणाल्या. त्या तशाच बोलतात. पण अभिलेखागारात बसायची परवानगी दिली.

तुझ्या सगळ्या नोंदींची सरासरी काढतेय. एक राहिलं, तुझा स्वतःचा आकडा त्यात नाही. तुला किती सेकंद लागतात? तोही लिही.

बटण


९ मार्च

चि. बटण हिस आशीर्वाद.

सोबत आणखी एकशे अठ्ठ्याऐंशी. संध्याकाळी पाच ते सहाच्या आहेत.

मोजणाऱ्याने मोजणीत पडू नये, असं मला वाटतं. शिंपी स्वतःचं माप स्वतः घेत नाही, हात वाकडा जातो.

गुडघा ठीक आहे. इकडे ऊन वाढलंय.

आत्या


१६ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

सापडली. अभिलेखागाराच्या तळघरात, नळाच्या पाइपांच्या परिपत्रकांखाली. चोपन्न वर्षांपूर्वीची फाइल, अकरा पानांची. एका कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन दिवस उभं राहून पाळी सुटल्यावर घरी निघालेले दोनशे चाळीस कामगार मोजले होते. सरासरी एक पूर्णांक दोन. शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलंय: "म्हातारी माणसं, कडेवर मूल असलेल्या बायका व लंगडणारे वगळले. त्यांच्यामुळे सरासरी बिघडते."

लिहिणारा दुष्ट नव्हता. अक्षर नीट होतं, रेघा पट्टीने मारलेल्या होत्या. त्याला बहुधा कोणीतरी काम लवकर आटपायला सांगितलं असेल. आणि त्या पट्टीच्या रेघेवरून आज देशभरची माणसं पळतायत.

आता दुसरं. तुझे तक्ते लावून ठेवताना एक दिसलं. सकाळच्या तीन दिवसांत एक शनिवार आहे. अकरा ते बारा तू खिडकीत आहेस. पण आई म्हणते, दर शनिवारी अकराला तू पलीकडे वाचनालयात जातेस. दोन्ही खरं असू शकत नाही. तू शेवटचा रस्ता कधी ओलांडलास?

बटण


२ एप्रिल

चि. बटण,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. तीनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. चौथं पाठवते, परत वाचणार नाही.

गेल्या वर्षी एकोणीस जानेवारीला. वाचनालयातून दोन पुस्तकं घेऊन परत येत होते. मध्यावर हिरवा माणूस गेला. पहिली गाडी हलली आणि मला पाहून थांबली, तिच्यामागचा भोंगा वाजवत राहिला. पुढे जावं की मागे, कळेना. पाय कोणी जमिनीला टाके घालून शिवल्यासारखे. आणि मग, तू विचारलंस म्हणून लिहिते, माझे कपडे ओले झाले. भर रस्त्यात, दोन्हीकडच्या गाड्यांसमोर.

घड्याळवाले दुकानातून धावत आले. हाताला धरून मला अलीकडे आणलं. कोट काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "एवढा धरा जरा." मी तो पुढ्यात धरून घरी आले. जिना चढून दार लावलं तेव्हा कळलं की कोट मला कशासाठी दिला होता.

तेव्हापासून नाही गेले. वाणी, दवाखाना, सगळं या बाजूला आहे. पलीकडे वाचनालय, बाग, टपाल कचेरी आणि घड्याळवाले. ही पत्रंसुद्धा खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण टाकते. पलीकडे आहे त्यातल्या कशावाचून अडत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

वहिनीला सांगू नकोस. दादालाही नाही.

आत्या


६ एप्रिल

आत्या,

कोणालाही सांगणार नाही. पत्र घरी नेऊन माझ्या कपाटात ठेवलंय.

जे झालं त्यात लाज वाटण्यासारखं तुझ्या बाजूने काही नाही. हे वाक्य किती पोकळ आहे ते मला कळतं, म्हणून एकदाच लिहिते.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तुझ्या नोंदींची सरासरी एक पूर्णांक एक आली होती. मी धावत मॅडमकडे गेले. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "मग फरक कितीसा आहे?" त्याचं उत्तर मी शोधत राहिले. तीन आठवडे सापडलं नाही. ते तुझ्या पत्रात आलं.

जो चौदा सेकंदांत ओलांडू शकत नाही, तो रस्त्यावर येतच नाही. आला नाही म्हणून मोजला जात नाही. मोजला जात नाही म्हणून आकडा बरोबर ठरतो. कारखान्यावरच्या माणसाने निदान वगळले असं लिहून तरी ठेवलं. आपण दोघींनी ते नकळत केलं. तू जवळजवळ चारशे माणसं मोजलीस आणि स्वतः त्या तक्त्यात नाहीस.

तुझ्यासारखी आणखी किती माणसं आहेत? मला ते कुठूनही कळणार नाही. तुला कळू शकेल. जमत नसेल तर नाही म्हण, मी खरंच वाईट वाटून घेणार नाही.

बटण


२८ एप्रिल

चि. बटण हिस आशीर्वाद.

तीस माणसं आहेत. माझ्या आणि शेजारच्या दोन इमारतींत मिळून. मला वाटत होतं मी एकटीच.

सुरुवात डॉक्टरीणबाईंनी करून दिली. त्यांच्याकडे दात दाखवायला येणाऱ्यांना त्या नुसतं विचारत, "पलीकडे जाता का हो?" तोंड उघडं असल्यामुळे लोक मानेनेच नाही म्हणायचे. मग मी घरोघर गेले. पहिल्या दोन दारांशी नुसतं पाणी पिऊन परत आले, विषय काढायला जीभ रेटेना. तिसऱ्या दारी भूगोलाचे निवृत्त मास्तर. मी त्यांना माझं सांगितलं. कपड्यांचं नाही, बाकीचं. ते म्हणाले, "बसा. दोन वर्षं कोणाला सांगावं हेच कळत नव्हतं." त्यांचे हात कापतात, पाय मध्येच अडतात. बायको गेल्यावर ते रोज बागेत जाऊन बसत. आता बाग गच्चीवरून पाहतात.

वरच्या मजल्यावर जुळ्यांची आई आहे, वय सत्तावीस. एकदा ढकलगाडीचं चाक फुटपाथला चढेना आणि हिरवा गेला. तेव्हापासून ती बाळांना घेऊन या बाजूच्या भिंतीकडेने फिरते.

आमच्या व्हरांड्याची लांबी टेपने मोजली, आठ मीटर चाळीस. तुझ्या रस्त्याच्या बरोबर निम्मी. खडूने दोन रेघा मारल्या, जाऊन येऊन एक रस्ता. वळायचा एक सेकंद वजा धरलाय. मास्तरांनी पहिल्यांदा चालताना हात जोडून गाड्या थांबवल्यासारखं केलं आणि सगळा व्हरांडा हसला. मग रोजच लोक यायला लागले. ज्यांचं माप झालं तेसुद्धा खुर्च्या घेऊन बसतात. दोन बायका एकाच मजल्यावर नऊ वर्षं राहून परवा प्रथम एकमेकींशी बोलल्या.

चौदा सेकंदांत दोघंच बसतात. त्या दोघांचे पाय धड आहेत, धीर गेलाय. एकवीस सेकंदांत सव्वीस बसतात. बाकीच्यांना त्याहून जास्त हवेत.

एकतिसावी मी. एकोणीस सेकंद. लिहून घे.

आत्या


२१ मे

ती. आत्यास नमस्कार.

काल पुस्तिकेच्या समितीची बैठक झाली. तुला सगळं क्रमाने सांगते.

मी कारखान्याचं पान दाखवलं, मग तुझे एकतीस. नावं नाहीत, फक्त सेकंद, आणि तुझ्या चौकासाठी एकवीस सेकंदांची मागणी. बससेवेचे अधिकारी बोलायला उठले. भला माणूस आहे. ते म्हणाले, "सात सेकंद वाढवले की दर फेरीला बस सात सेकंद जास्त थांबते. माझ्या बसमध्ये पाळीवर जाणाऱ्या परिचारिका असतात. त्यांना उशीर झाला तर त्याची मोजणी कोण करणार?" मला ते पटलं, आणि पटल्यामुळे मी गडबडले. मग दुसरे एक जण म्हणाले, "जी माणसं रस्त्यावर येतच नाहीत, त्यांच्यासाठी सेकंद कशाला राखून ठेवायचे?"

मॅडम तोवर सगळ्यांचं लिहून घेत होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "दार अरुंद आहे म्हणून कोणी आत आलं नाही, आणि कोणी आत येत नाही म्हणून दार रुंद करायचं नाही. हे मी इतिवृत्तात असंच लिहू का?"

शेवटी ठरलं ते असं. फक्त तुझ्या चौकात, एक जूनपासून तीन महिने, एकवीस सेकंद. बसला किती उशीर होतो तेही मोजायचं. अट मॅडमनीच घातली: या एकतीस जणांपैकी निदान दहा जण या काळात रस्ता ओलांडू लागले पाहिजेत. नाहीतर पुन्हा चौदा. दर पंधरा दिवसांनी आमचा एक माणूस येऊन सगळ्यांना विचारील.

आत्या, आता मी तुला "जा" म्हणू शकत नाही. तूही कोणाला म्हणायचं नाहीस. आपण ढकलून कोणी गेलं तर तो आकडा खोटा होईल आणि कारखान्यासारखाच आपलाही कागद बिघडेल. मला काय वाटतं ते मी या पत्रात लिहीत नाही. ते तुला ठाऊक आहे.

बटण


१७ जून

चि. बटण हिस आशीर्वाद.

कोणाला काही बोलले नाही. तोंडाला शिवण घातली आहे.

एक तारखेला सकाळी खाली उतरले. फुटपाथच्या कडेला उभी राहिले. हिरवा माणूस लागला आणि खरंच खूप वेळ राहिला. इतका वेळ, की मला तो माझी वाट पाहतोय असं वाटायला लागलं. तेच सोसेना. तीन हिरवे गेले, मी वर आले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मनात सारखं, मी गेले नाही तर दहामधला एक कमी होईल, मास्तरांची बाग माझ्यामुळे जाईल. या विचाराने पाय आणखी जड.

मास्तर मात्र तिसऱ्या दिवशीच गेले. मी खिडकीतून पाहिलं. मोजायचं विसरले. बागेच्या फाटकाशी पोचल्यावर ते वळले आणि आमच्या इमारतीला हात केला. कोणत्याही एका खिडकीला नाही, सबंध इमारतीला.

जुळ्यांची आई गेली. ते दोन धड पायांचेही गेले. तुमच्या माणसाच्या वहीत पाच झाले आहेत. मला त्याने विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले.

आत्या


९ ऑगस्ट

ती. आत्यास नमस्कार.

ही बातमी सगळ्यांत आधी तुला कळवतेय. काल वही आली. तेरा झाले.

बसचा उशीरही आला. गर्दीच्या तासात प्रत्येक बसमागे सरासरी चार सेकंद. बसवाले अधिकारी म्हणाले, "एवढ्याचं मी बघून घेतो. एक थांबा वीस पावलं पुढे सरकवला की भरून निघेल." पुस्तिकेतला एक पूर्णांक दोन गेला नाही, पण त्याच्याखाली आता एक परिच्छेद आलाय: ठरवण्याआधी जी माणसं रस्त्यावर दिसत नाहीत त्यांना त्यांच्या घरी जाऊन मोजावं. वाक्य मॅडमनी स्वतः लिहिलं आणि सात वेळा खोडलं. इतर गावांतून पत्रं आली आहेत, व्हरांड्यात कसं मोजायचं ते विचारणारी. मी तुझं अठ्ठावीस एप्रिलचं पत्र नकलून पाठवते, हसण्याचा आणि तुझा स्वतःचा भाग गाळून.

अट पुरी झाली, तेव्हा तीन महिने संपल्यावरही तुझा चौक एकवीसवरच राहील. आता कोणाच्या जाण्या-न-जाण्यावर काही अवलंबून नाही.

बटण


२३ ऑगस्ट

चि. बटण हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि घडी घालून ठेवलं. तेरा माणसं झाली. म्हणजे माझ्यावाचून काम झालं होतं. हे कळल्यावर अंगावरचं काहीतरी उतरलं. तुला विचित्र वाटेल, पण माझी गरज होती तोवर मला जाता येत नव्हतं.

तरी दहा-बारा दिवस गेलेच. काल सकाळी कचरा टाकायला खाली गेले होते. हातात रिकामी बादली. हिरवा लागला आणि मी निघाले. ठरवून नाही. मध्यावर आल्यावर पाऊल एकदा थबकलं. तिथेच, त्याच जागी. डावीकडे पाहिलं तर एक ट्रकवाला हातावर डोकं टेकून जांभई देत होता. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी पुढे गेले. फुटपाथ चढले तेव्हा हिरवा माणूस अजून होता.

घड्याळवाले दारात उभे होते. म्हणाले, "बादली दुरुस्त करत नाही मी." मी म्हणाले, "कोटाबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते." ते म्हणाले, "कुठला कोट?" आणि आत जाऊन दोन स्टुलं घेऊन आले. आम्ही दुकानाबाहेर बसलो. फारसं बोललो नाही. त्यांनाही कमी ऐकू येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तिथे बसल्यावर समोर माझी खिडकी दिसली. दीड वर्षाहून जास्त मी तिच्या आतून बाहेर पाहिलं, बाहेरून तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पडद्याची खालची कड एका बाजूला चांगली बोटभर उतरलेली. मीच शिवलेला पडदा. चाळीस वर्षं लोकांच्या कडा सरळ केल्या आणि माझी वाकडी कड अख्ख्या रस्त्याला दिसत होती. मला इतकं हसू आलं की घड्याळवाल्यांनी दोनदा "काय झालं" विचारलं.

येताना मोजलं. अठरा. तुझ्या तक्त्यात दुरुस्त कर.

घरी येऊन आधी पडदा काढला आणि कड उसवली. तो आत्ता मशीनवर आहे. त्यामुळे खिडकी सताड उघडी आहे, आणि हे पत्र मी सगळ्या रस्त्यासमोर बसून लिहितेय. लिहून झालं की टपालात टाकून येते.

तुझी आत्या